लस तीच, मग एका गावात रांग अन् दुसऱ्या गावात नकार का? जाणून घ्या ‘सामाजिक भांडवल’

उमरेड : लस तीच, तारीखही तीच. तरी एका गावात बाया सकाळपासून रांगेत लागतात, अन् दुसऱ्या गावात आरोग्य पथक आलं की लोक वावरात निघून जातात. या फरकामागचं एक मोठं कारण म्हणजे ‘सामाजिक भांडवल’.

सामाजिक भांडवल म्हणजे काय?
हा पैसा नव्हे. शेजाऱ्यावर, बचत गटावर, आशाताईवर, सरकारी दवाखान्यावर असलेला भरवसा म्हणजे हे भांडवल. अमेरिकेतील अभ्यासक रॉबर्ट पटनम यांनी १९९३ मध्ये इटलीवर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की, जिथं लोक एकमेकांवर भरवसा ठेवतात, त्या प्रांताचा कारभार चांगला चालतो.

दोन प्रकार
पहिलं भांडवल आपसातलं : भाऊबंद, जातगोत, मोहल्ला. दुसरं बाहेरच्यांशी जोडणारं : नर्सताई, गुरुजी, ग्रामसेवक. नुसतं पहिलंच असलं तर अफवाही तेवढ्याच वेगानं घरोघरी पोचते. २०२१ मध्ये मेळघाटात कोरोना लसीची भीती पसरली, तेव्हा कोरकू भाषेतून समजूत घालण्यात आली. शेजारच्या बैतुल जिल्ह्यातील डुलारिया गावच्या लोकांशी तर पंतप्रधान २७ जून २०२१ च्या ‘मन की बात’मध्ये स्वतः बोलले.

आकडे काय सांगतात?
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, महाराष्ट्रात १२ ते २३ महिन्यांच्या बालकांचं पूर्ण लसीकरण २०१५-१६ मध्ये सुमारे ५६ टक्के होतं. २०१९-२१ मध्ये ते ७३.५ टक्के झालं. तेव्हा देशाची सरासरी ७६.४ होती. म्हणजे तेव्हा राज्यात दर चार मुलांमागे साधारण एकाचं लसीकरण अपुरं होतं. गोवर रोखायला मात्र ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली आणि लेकरं दगावली.

गावानं काय करावं?
– वीटभट्टीवर, खाणीजवळ कामाला आलेली कुटुंबं गावच्या ओळखीत नसतात. त्यांची मुलं आधी सुटतात. त्यांची नावं आशाताईला सांगा.
– गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. राहून गेला असेल तर ५ वर्षांपर्यंत सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो.
– लस टोचल्यावर ताप येऊ शकतो, हे आधीच सांगा. न सांगता ताप आला की पुढच्या वेळी दार बंद होतं.
– व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज पुढं पाठवण्याआधी नर्सताईला विचारा.