किल्लारीचा शोक आणि कपिलधारची वाट

मानसोपचाराचा इतिहास आपण बहुधा व्हिएन्नापासून सुरू करतो आणि पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांपाशी थांबवतो. मराठवाड्यापुरते पाहायचे तर त्याचे एक ठळक पान ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचे आहे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. चारच्या सुमारास किल्लारीची भूमी हादरली आणि आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. मारले ते मुख्यतः घरांनीच. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीच्या थरांचे जड माळवद. पिढ्यान्‌पिढ्यांचा आसरा होता, तोच अंगावर कोसळला.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला ‘आघात’ हा उच्चारातील जोर म्हणून परिचित असतो. मनोविकारशास्त्रातील आघात मात्र तेव्हा शास्त्रालाही नवाच होता. आघातोत्तर तणावाच्या विकाराला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत स्थान मिळाले ते १९८० साली. ज्युडिथ हर्मन यांचा ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ हा ग्रंथ आला १९९२ साली, म्हणजे किल्लारीच्या जेमतेम वर्षभर आधी. आधी सुरक्षितता, मग स्मरण व शोक, मग पुन्हा माणसांशी नाते, असा क्रम त्यांनी मांडला. आज ज्याला समग्र, आघाताचे भान ठेवणारा उपचार म्हणतात त्याचा गाभा हाच. ‘तुझे काय बिघडले आहे’ याऐवजी ‘तुझ्यावर काय गुदरले’ हा त्याचा प्रश्न. आणि त्याचे उत्तर मनाइतकेच शरीरात, घरात, गावातही शोधायचे.

हा क्रम भूकंपग्रस्त गावांना लावून पाहावा. सुरक्षितता म्हणजे घर. पण ज्याने दगडाखालून माणसे काढली त्याला दगडी भिंत सुरक्षित कशी वाटावी? लोकांचा ओढा सिमेंट-काँक्रीटकडे वळला, तो केवळ अभियांत्रिकीचा सल्ला म्हणून नव्हे. शोकाचे तर विचारूच नये. सामुदायिक चिता पेटवाव्या लागल्या. या भागात लिंगायत समाज मोठा, आणि त्यांच्यात मृताला बसवून दफन करण्याची रीत. देहाची ओळखच पटत नसेल तेथे रीत कोठून पाळणार? राहिले नाते. बावन्न गावे समूळ हलवली गेली. नवी गावठाणे आखीव, ऐसपैस, रुंद रस्त्यांची झाली; जुन्या गल्लीतला हाकेच्या अंतरावरचा शेजार मात्र त्या आखणीत बसला नाही. माझ्या मते पुनर्वसनाची सर्वांत मोठी चूक तीच.

भूकंपानंतरच्या मानसिक आरोग्याच्या अभ्यासात डॉ. मोहन आगाशे यांचा मोठा वाटा होता. मराठीचे विद्यार्थी त्यांना ‘घाशीराम कोतवाल’मधील नाना फडणवीस म्हणून ओळखतात, ते मनोविकारतज्ज्ञ आहेत हे पुष्कळदा नंतर कळते.

या पार्श्वभूमीवर बीडजवळच्या कपिलधारकडे पाहावेसे वाटते. बालाघाटाच्या कुशीतले, पावसाळ्यात धबधब्याने गाजणारे हे स्थान म्हणजे ‘परमरहस्य’कार मन्मथस्वामींची समाधी. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला लातूर-नांदेडकडून दिंड्या पायी येतात. १९९३ ची कार्तिकी पौर्णिमा भूकंपानंतर दोनच महिन्यांनी आली होती.

यात्रा म्हणजेच मानसोपचार, असे भाबडे समीकरण मला मांडायचे नाही. झोप उडालेल्या, काम सुटलेल्या माणसाला तज्ज्ञच हवा. परंतु दिंडीच्या चालीत एक गोष्ट आहे, जी शास्त्राला उशिरा उमगली. आपत्तीनंतर लगेच माणसाला एका बैठकीत सारे बोलते करावे, ही पद्धत १९८० च्या दशकापासून रूढ झाली. २००२ मधील कॉक्रेन आढाव्यात तिने आघातोत्तर विकार टळत नाही, उलट काहींना अपायही संभवतो, असे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची प्रथमोपचार-पुस्तिका बोलण्याची सक्ती करू नये असेच सांगते. दिंडीत शेजारचा माणूस काही विचारत नाही. पाय लयीत पडतात, मुक्कामाला भाकरी मिळते, आणि ज्याला बोलावेसे वाटते तो रात्री बोलतो.

तेव्हा लहान असलेली मुले आज चाळिशीत आहेत. लातूर-उमरग्याच्या महाविद्यालयांतून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे प्रकल्प विद्यार्थ्यांना द्यायचे असतील, तर प्रश्नावलीच्या आधी एवढे शिकवावे: समोरचा थांबला की यंत्र बंद करायचे, आणि पुढचा प्रश्न त्यानेच विचारू दिला तर विचारायचा.