लिव्हरमध्ये गाठ आहे, पण कोणती? कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी समजून घेऊया

धर्माबादच्या माझ्या मावशीच्या सोनोग्राफी रिपोर्टमध्ये ‘लिव्हरमध्ये गाठ’ एवढंच आलं आणि त्या रात्री घरात कुणाला जेवण गेलं नाही. “कॅन्सर तर नाही ना रे?” हा तिचा एकच प्रश्न. तिची किडनी आधीच कमजोर, म्हणून सीटी स्कॅनचं आयोडीनयुक्त औषध द्यायला डॉक्टर कचरत होते. त्यांनी कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी सुचवली. तेव्हा जे समजून घेतलं, ते इथे सांगतो.

हे तंत्र काय आहे?
साध्या सोनोग्राफीत गाठ दिसते, पण तिच्यात रक्त कसं फिरतं ते नीट कळत नाही. म्हणून हाताच्या शिरेतून वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतात. ते लाल रक्तपेशीपेक्षाही लहान असतात आणि ध्वनिलहरींनी पडद्यावर चमकतात. त्यातला वायू काही मिनिटांत श्वासावाटे निघून जातो. किडनीवर भार पडत नाही. यात क्ष-किरणही नसतात. अ‍ॅलर्जी क्वचित होते.

गाठ कशी ओळखतात?
निरोगी लिव्हरला सुमारे 75 टक्के रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, तर लिव्हरच्या कॅन्सरला मुख्यतः धमनीतून. त्यामुळे बुडबुडे गाठीत कधी शिरतात आणि कधी ओसरतात, हे 5-6 मिनिटं पाहतात.

- हेमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ): कडेला ठिपके चमकतात, मग हळूहळू आत भरत जातं.
- एफएनएच (हीदेखील साधी गाठ): मधून बाहेर, चाकाच्या आऱ्यांसारखं भरतं.
- लिव्हरचा कॅन्सर: सुरुवातीला झटकन चमकतो; साधारण 60 सेकंदांनंतर हळूहळू फिका पडतो.
- दुसरीकडून पसरलेला कॅन्सर: बऱ्याचदा कडेनं चमकतो आणि 60 सेकंदांच्या आतच फिका पडू लागतो.

मर्यादा
पोटातला गॅस, लठ्ठपणा किंवा खोलवरची गाठ असेल तर चित्र स्पष्ट येत नाही. एका इंजेक्शनमध्ये सगळं लिव्हर तपासता येत नाही. काही गाठी या नियमांत बसत नाहीत. तेव्हा एमआरआय किंवा बायोप्सी लागते. सिरॉसिस किंवा हिपॅटायटिस बी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

ही सोय गावात नसल्यानं आम्ही मावशीला हैदराबादला नेलं. गाठ कडेकडून भरत गेली. हेमॅन्जिओमा! उपचारांची गरज नव्हती. तुमच्या घरी असा रिपोर्ट आला तर घाबरून बसू नका; “कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीनं कळेल का?” एवढं डॉक्टरांना नक्की विचारा.