अंगी न लागणारं गवत

सांताक्रूझहून चर्चगेटची स्लो लोकल पकडली की वाटेत चर्नी रोड लागतं. या नावातच चरणं आहे, असं म्हणतात. प्रचलित हकीकत अशी: १८३८ साली इंग्रज सरकारने गुरं चारण्यावर फी बसवली. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पदरचे २०,००० रुपये घालून ठाकुरद्वारजवळची कुरणं विकत घेतली आणि गुरांना मोफत खुली केली. इतिहासात कुरण येतं ते असं, जमीन म्हणून. मालक कोण, फी किती. त्या गवतात कस किती होता, याची नोंद सहसा सापडत नाही.

मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो. जुना लॉग नसेल तर 'सिस्टीम पूर्वीपेक्षा स्लो झालीय' ही नुसती कुरकुर ठरते. 'पूर्वीच्या गवतात कस होता' हे वाक्यही आपण तसंच झटकून टाकतो. पण कस मोजता येतो. चाऱ्यात साधारण ७ टक्क्यांच्या खाली प्रथिनं गेली, की मेंढीच्या पोटातल्या जिवाणूंना नायट्रोजन पुरत नाही आणि ते चारा नीट पचवू शकत नाहीत. पोट भरलेलं, तरी खाल्लेलं अंगी लागत नाही. माणदेशातल्या माळावरची कुसळी पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळी असते, मेंढ्या आवडीने खातात. फुलोऱ्यानंतर तिचा कस उतरतो, वर तिची कुसळं लोकरीतून कातडीत घुसतात. धनगरांचं वर्ष या घड्याळावर चालतं. पावसाळ्यात माळ, दिवाळीनंतर फलटणकडचे कळप घाट उतरून कोकणात. तिथे कापणी झालेल्या भातखाचरात मेंढ्या रात्री बसवायच्या. लेंड्या-मुताचं खत शेतकऱ्याला, धान्य किंवा पैसे धनगराला.

हा हिशेब मला फार आवडतो. मात्र त्यात माळ देणारा आहे, आणि त्याला परत किती मिळतं हे कुठल्याच बाजूच्या वहीत नसतं. १८८९ साली भारतात आलेले रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३च्या अहवालात शेण चुलीत जाण्याबद्दल लिहिलं, कारण ते खत शेताला मुकत होतं. गवताळ माळाकडे मात्र सरकारी कागद महसुलाच्याच नजरेने बघत राहिले. पीक नाही म्हणजे पडीक. आजच्या वेस्टलँड ॲटलासमध्येही अशा कितीतरी जमिनी 'वेस्टलँड' म्हणूनच रंगवलेल्या आहेत, आणि मला हा शब्द शिवीसारखा वाटतो.

कस उतरण्याचं आणखी एक कारण हवेत आहे. औद्योगिक क्रांतीआधी हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत सुमारे २८० होता. आता ४२०च्या वर आहे. जास्त कार्बन मिळाला की झाड पिष्टमय भाग जास्त बनवतं. मातीतला नायट्रोजन मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, मग तो पानात पातळ होतो. दुधात पाणी घालावं तसं. डोळ्यांना माळ हिरवाच दिसतो.

हे पकडलं कसं? अमेरिकेत कॅन्ससच्या गवताळ प्रदेशातले १८७६ ते २००८ या काळातले ५४५ वाळवलेले नमुने संशोधकांनी कपाटातून काढले. २४ जातींच्या वनस्पतींची पानं तपासली. उपलब्ध नायट्रोजन घटत गेल्याच्या खुणा त्यांत मिळाल्या. गोळा करणाऱ्यांना फक्त वनस्पतींची ओळख पटवायची होती. लॉग आपोआप तयार झाला.

असं कपाट मुंबईतही आहे. सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम ज्यांच्या नावाने आहे, ते स्विस जेझुइट एथेलबर्ट ब्लॅटर १९३४ साली वारले. चार्ल्स मॅककॅन यांच्यासोबत केलेलं त्यांचं 'द बॉम्बे ग्रासेस' १९३५ साली आलं. जुन्या नमुन्याच्या कागदावर गाव आणि तारीख असली, तर पानाचा काही मिलिग्रॅमचा तुकडा नायट्रोजन मोजायला पुरतो. त्याच गावचं, त्याच महिन्यातलं आजचं गवत शेजारी ठेवायचं. एक मेख आहे: वनस्पतिशास्त्रज्ञ गवत बहुधा फुलोऱ्यात असताना उपटतात, कारण जात त्यावरून ओळखते. म्हणजे कस आधीच उतरलेला. तेव्हा तुलना फुलोऱ्याची फुलोऱ्याशीच करावी लागेल. जूनच्या कोवळ्या कुसळीशी नाही.