कात्रजच्या नळाचे उच्छ्वास

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या दगड-चुन्याच्या नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पुणे शहरातल्या हौदांत खेळवले गेले. या कामाचे कौतुक लांबीसाठी होते. मला मोठे वाटतात ते वाटेवरचे उच्छ्वास, म्हणजे नळावर उभारलेले उघड्या तोंडाचे मनोरे. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे, पण तेवढेच नाही. नळ कुठे तुंबला वा झिरपू लागला, तर दोन उच्छ्वासांतल्या पाण्याची तुलना करून दोष कोणत्या टप्प्यात आहे हे ठरवता येई. सगळी वाट उकरावी लागत नसे. म्हणजे नळ बिघडणार हे बांधणाऱ्यांनी आधीच गृहीत धरले असावे. मलिक अंबरने औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) बांधलेल्या नहरीवरही असे मनोरे आहेत.

यावर कोणी म्हणेल, उताराने वाहणाऱ्या पाण्याला दाबच किती! आजच्या दाबाच्या बंद वाहिनीला उघडी तोंडे परवडणार नाहीत, आणि त्यांतून घाणही शिरते. आक्षेप खरा आहे. पण उघडे तोंड नको म्हणून तपासणीची जागाही नको, असे ठरत नाही. अगदी घराच्या मागच्या अंगणातल्या शेडकडे नेलेल्या पाइपलाही मध्ये एक व्हॉल्व्ह आणि झाकणाचा चेंबर देता येतो. तो नसला की ओल दिसेल तिथे कुदळ मारावी लागते, आणि पाणी फुटल्या जागीच वर येते असे नाही.