पाठीतली सुई आणि वृद्धांची शुद्ध

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला, की नातेवाईक डॉक्टरांना हात जोडून सांगतात, "पूर्ण भूल देऊ नका. कंबरेखालचाच भाग बधिर करा. शुद्धीवर आल्यावर ओळखेनासे झाले तर?" या विनवणीमागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

१८४६ साली बोस्टनमध्ये मॉर्टनने ईथरची गुंगी जगाला दाखविली. वेदना हटली, पण ओकाऱ्या आणि श्वासाचे विकार मागे उरले. पुढे १८९८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीअर याने एका मजुराच्या क्षयाने पोखरलेल्या घोट्यावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी त्याच्या मणक्यांतून सुई घालून कोकेन सोडले. पाय बधिर झाले आणि सांधा कापता आला. काही दिवसांनी बीअरने आपल्या हिल्डेब्रांट नावाच्या साहाय्यकावरही हाच प्रयोग केला. त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडा हाणला, पेटती सिगार टेकविली, गडी शांत! नंतर दोघांनी मद्यासह यथास्थित भोजन केले. बीअरवरचा प्रयोग मात्र सुई पिचकारीला नीट न बसल्यामुळे फसला होता, आणि तोच डोकेदुखीने नऊ दिवस अंथरुणाला खिळला.

पुढे दोन्ही वाटांवर काटे दिसू लागले. इंग्लंडात चेस्टरफील्ड येथे १९४७ साली एकाच दिवशी पाठीत सुई घेतलेले दोन रोगी पांगळे झाले. तो खटला गाजला आणि तिथे सुईची धास्ती बसली. उलट १९५५ साली बेडफर्ड या डॉक्टराने, पूर्ण भूल घेतलेल्या पन्नाशीपुढील ११९३ रोग्यांची हकीकत मांडून, काहींची बुद्धी कायमची मंदावल्याचे सांगितले. आजच्या नातेवाइकांची भीती ती हीच.

भीतीचा निवाडा व्हायला २०२१ साल उजाडले. अमेरिका व कॅनडा येथील खुबा मोडलेल्या १६०० रोग्यांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले. साठ दिवसांनी मृत्यू पावलेल्यांचे किंवा दुसऱ्या माणसाच्या आधाराविना चालू न शकणाऱ्यांचे प्रमाण सुईच्या गटात शेकडा १८.५, पूर्ण भुलीच्या गटात १८. भ्रम दोन्हींकडे पाचांत सुमारे एकाला! चीनमधील ९५० वृद्धांच्या पाहणीतही भ्रमाच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. आता, सुईच्या गटातल्या पुष्कळांना गुंगीचे औषधही दिले होते, हे विसरू नये. आणि कोणाच्या हृदयाला वा फुप्फुसाला काय सोसेल, ते भूलतज्ज्ञानेच ठरवायचे.

पण मग भ्रम टाळायचा कसा? २००१ साली अमेरिकेत खुबा मोडलेल्या १२६ वृद्धांपैकी निम्म्यांच्या देखरेखीस वृद्धचिकित्सक रोज येऊ लागला. अनावश्यक औषधे बंद, वेदनेवर वेळेवर उपाय, पोटात अन्नपाणी, लवकर उठवून बसविणे, आणि उशाशी चष्मा, घड्याळ, कानाचे यंत्र. भ्रमाचे प्रमाण शेकडा ५० वरून ३२ वर आले. चष्मा तर बहुधा घरीच, कपाटात राहिलेला असतो.