शवविच्छेदन अहवालातल्या ‘शॉक’ आणि ‘व्हिसेरा’ या शब्दांचा नेमका अर्थ काय?

२८ जुलै २०१८. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातले कर्मचारी सहलीसाठी महाबळेश्वरला निघाले होते. आंबेनळी घाटात त्यांची बस खोल दरीत कोसळली. फक्त एक जण वाचला. गिर्यारोहकांनी आणि बचाव पथकांनी दोर लावून मृतदेह वर काढले. हे काम दुसऱ्या दिवसापर्यंत चाललं.

अशा प्रत्येक मृत्यूनंतर शवविच्छेदन होतं. हल्ली त्या अहवालाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि एखाद्या शब्दावरून घातपाताची चर्चा सुरू होते. म्हणून हे शब्द समजून घेऊ.

शॉक: इथे विजेचा किंवा मानसिक धक्का अभिप्रेत नाही. अवयवांना पुरेसा रक्तपुरवठा न होणं म्हणजे शॉक. ‘हेमरेजिक शॉक’ म्हणजे अतिरक्तस्रावामुळे ओढवलेली ही अवस्था.

कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट: हृदय आणि श्वास बंद पडणं. प्रत्येक मृत्यूत हे घडतंच. त्यामुळे याचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा होत नाही. खरं कारण त्यापुढे लिहिलेलं असतं.

अब्रेजन, कंट्यूजन, लॅसरेशन: अनुक्रमे खरचटणं, मुका मार आणि बोथट आघाताने कातडी फाटणं. दगडावर आपटूनही लॅसरेशन होतं. धारदार वस्तूने कापल्याच्या जखमेला ‘इन्साइज्ड वूंड’ म्हणतात.

अँटेमॉर्टेम, पोस्टमॉर्टेम: जखम मृत्यूपूर्वीची की नंतरची. हृदय चालू असताना जखम झाली, तर आसपासच्या ऊतींमध्ये रक्त उतरतं. दरीतून मृतदेह काढताना खडकावर घासून झालेलं खरचटणं मरणोत्तर असतं. डॉक्टर तशी नोंद करतात.

लिव्हिडिटी: मृत्यूनंतर रक्ताभिसरण थांबतं आणि रक्त शरीराच्या खालच्या बाजूला साचतं. तिथली कातडी निळसर-जांभळी दिसते. नातेवाइकांना हे माराचे वळ वाटू शकतात, पण ते तसे नसतात.

रायगर मॉर्टिस: मृत्यूनंतर स्नायू ताठरणं. उष्ण हवेत हा ताठरपणा साधारण दोन-तीन तासांत पापण्या-जबड्यापासून जाणवू लागतो आणि सुमारे बारा तासांत सर्व शरीरात पसरतो. थंडीत ही क्रिया मंदावते. म्हणून महाबळेश्वरच्या हिवाळ्यात आणि कोकणातल्या उन्हाळ्यात मृत्यूच्या वेळेचा अंदाज एकाच मापाने लावता येत नाही.

व्हिसेरा प्रिझर्व्ड: जठर, आतडं, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग राखून ठेवले आहेत. रासायनिक तपासणीसाठी ते सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. रोगनिदानासाठीचे तुकडे मात्र फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. विष आहे की नाही हे पाहायला व्हिसेरा ठेवतात. तो ठेवला म्हणजे विष सापडलं, असं नव्हे.

ओपिनियन रिझर्व्ड: प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत डॉक्टरांनी अंतिम मत दिलेलं नाही. यात लपवाछपवी नाही.

एनएडी: त्या अवयवात वेगळं काही आढळलं नाही. ‘तपासणीच केली नाही’ असा याचा अर्थ नाही.

आता मुख्य मुद्दा. डॉक्टर मृत्यूचं वैद्यकीय कारण सांगतात. ‘डोक्याला गंभीर दुखापत’ हे कारण झालं. ती दुखापत पाय घसरून झाली की कुणी ढकलल्यामुळे, हे एकट्या अहवालावरून बहुधा ठरत नाही. त्यासाठी घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदार आणि इतर पुरावे लागतात. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यूची चौकशी पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार करतात. १ जुलै २०२४ पूर्वी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे.

घरच्यांना एखादा शब्द खटकला, तर तपास अधिकाऱ्यांना विचारावं आणि अहवाल न्यायवैद्यक डॉक्टरांना दाखवावा. आणि बाकीच्यांनी? असा फोटो आला तर पुढे पाठवू नये. एका चुकीच्या अर्थाने जिवंत माणसावर खुनाचा ठपका बसू शकतो.