भाषेची पदवी : जुना वाद आणि आजची निवड

बारावीचा निकाल लागला की ठाणे, मुंब्रा, कल्याण, डोंबिवली येथील घराघरांतून एकच चर्चा सुरू होते. गुण चांगले पडले तर सायन्स, बेताचे पडले तर कॉमर्स, आणि काहीच जमले नाही तर आर्ट्स! त्यातही एखादी मुलगी म्हणाली की "अब्बा, मला भाषा घेऊन बी.ए. करायचे आहे," तर अब्बा काळजीने विचारतात, "बेटी, त्याने पोट भरेल का?" प्रश्न वावगा नाही. परंतु त्याचे उत्तर शोधताना भाषेच्या पदवीचा आपल्या प्रांतातील इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यास आली आणि पुढील वर्षी ती कल्याणला पोहोचली. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. म्हणजे आपल्या गावांतून विद्यापीठाकडे जाणारा रस्ता विद्यापीठाच्या आधीच तयार होता! विद्यापीठाच्या आरंभीच्या परीक्षांत मराठी, गुजराती, कानडी या देशी भाषांना स्थान होते. परंतु १८६० नंतरच्या दशकात वरच्या परीक्षांतून त्यांना वगळण्यात आले. पदवीसाठी अभ्यासावे असे वाङ्मय या भाषांत नाही, असे कारण सांगितले गेले. इंग्रजीच्या जोडीला संस्कृत, अरबी, फारसी, लॅटिन अशा प्राचीन प्रतिष्ठेच्या भाषांपैकी एक घ्यावी, असा दंडक झाला. घरात आणि बाजारात जी भाषा बोलावी, तिचीच पदवीच्या अभ्यासात गणना नाही, अशी विलक्षण स्थिती निर्माण झाली.

या निर्णयाविरुद्ध न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे अनेक वर्षे झगडले. ते याच विद्यापीठाचे आरंभीचे पदवीधर. मराठीत किती ग्रंथ छापले गेले, त्यांची योग्यता काय, याचा हिशेबच त्यांनी विद्वानांपुढे मांडला. अखेर त्यांच्या आयुष्याच्या शेवटी, १९०१ च्या सुमारास, एम.ए.च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. आज ज्या पदवीला आपण "काहीच जमले नाही तर" असे म्हणतो, ती मिळविण्यासाठी एका पिढीला असे झगडावे लागले, हे विसरून चालणार नाही.

आपल्या समाजातही शिक्षणाची चळवळ याच काळात उभी राहिली. १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. १९३० मध्ये जोगेश्वरीस इस्माईल युसूफ कॉलेज सुरू झाले. अरबी, फारसी आणि उर्दूच्या अभ्यासाला तेथे हक्काचे घर मिळाले.

परंतु कोणती भाषा कोणाची, हा प्रश्न इतका सरळ नाही. तीन उदाहरणे देतो.

कवी माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, हे इंग्रजीचे एम.ए. परंतु त्यांनी फारसी आत्मसात केली, कॉलेजात ती शिकविली आणि १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला. उमर खय्यामच्या रुबायांचे मूळ फारसीवरून मराठीत रूपांतर करणारेही तेच.

दुसरे डॉ. यू. म. पठाण. त्यांनी मराठी घेतली, महानुभाव आणि संतवाङ्मयावर संशोधन केले, औरंगाबादच्या विद्यापीठात मराठी विभागाचे प्रमुखपद भूषविले. बखरींच्या मराठीतील फारसीचाही त्यांनी अभ्यास केला. १९९० मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

तिसरे उदाहरण जोडीचे. श्रीपाद जोशी आणि उर्दू-फारसीचे प्राध्यापक निजामुद्दीन गोरेकर या दोघांनी मिळून उर्दू-मराठी शब्दकोश तयार केला.

ब्राह्मण कुटुंबातील माधवरावांनी फारसी घेतली, पठाणांनी मराठी घेतली. दोघांचेही नाव झाले. भाषा जन्माने मिळते; परंतु तिच्यावरचा अधिकार मेहनतीनेच मिळतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या सर्वांना दोन तरी भाषा उत्तम येत होत्या. दोन भाषांच्या मधल्या जागेत उभे राहूनच त्यांनी आपले काम केले.

तीच जागा आपल्या मुलांना घरबसल्या मिळते. घरी कोकणी किंवा दखनी, शाळेत उर्दू, रस्त्यावर मराठी आणि परीक्षेत इंग्रजी, हे आपण ओझे समजतो. वास्तविक ते भांडवल आहे. कचेरीत आपण अर्ज करतो, दाखला मागतो, वारस नोंदवितो, जिल्हा आणि तहसील म्हणतो. हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत येऊन मराठीच झाले आहेत. उर्दू शाळेतून आलेल्या मुलाला मराठी परकी वाटण्याचे कारण नाही.

आता पोटाचा प्रश्न. नुसत्या पदवीने पोट भरत नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. परंतु हे कॉमर्सच्या पदवीलाही लागू आहे. भाषेच्या पदवीला दुसरी भाषा आणि एखादे कसब जोडावे लागते. बी.एड. केले तर शिक्षकाचा पेशा आहे. उर्दू शाळांना मराठी शिकविणारा, पण मुलांची उर्दूही समजणारा शिक्षक हवाच असतो. राज्याचा कारभार १९६४ च्या राजभाषा अधिनियमानुसार मराठीत चालतो. तेथे मराठीवर प्रभुत्व असणाऱ्यास मान आहे. भाषांतर आहे, वृत्तपत्रे आहेत. जर्मन, फ्रेंच, रशियन यांचे विभाग मुंबई विद्यापीठात कालिन्याला आहेत. अरबी, फारसी, उर्दूचेही आहेत. शिवाय पूर्वीसारखे कॉलेजसाठी मुंबईच गाठली पाहिजे असेही राहिलेले नाही. ठाण्यात १९६९ मध्ये जोशी-बेडेकर, कल्याणात १९७२ मध्ये बिर्ला कॉलेज निघाले, तेव्हापासून अनेक मुलींची वाट सोपी झाली.

पालकांना एवढीच विनंती की, भाषा ही उरलेली जागा म्हणून घेऊ देऊ नका, आणि आवडीने मागितली तर नाकारूही नका. मुलगी रोज काय वाचते, दुसऱ्या भाषेतील पत्र आजीला वाचून समजावते का, याकडे आधी लक्ष द्या. गुणपत्रिका नंतर पाहा. आणि विद्यार्थी मित्रांनो, भाषा निवडलीत तर एका भाषेवर थांबू नका. रानड्यांनी उघडलेल्या दारातून आत जाण्याचे धैर्य तुम्हांस लाभो!